पाहिलं तेवढंच लिहा: ‘द मूनस्टोन’ वाचण्यापूर्वी

४ मे १७९९ च्या दुपारी इंग्रजांची फौज श्रीरंगपट्टणच्या तटाला पडलेल्या खिंडारातून आत घुसली. टिपू सुलतान लढता लढता पडला आणि त्या रात्री शहर लुटलं गेलं. विल्की कॉलिन्सने आपल्या कादंबरीचा उपोद्घात याच रात्रीत बसवला आहे. टिपूच्या शस्त्रागारात जॉन हर्नकॅसल नावाचा इंग्रज अधिकारी एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात रक्ताने निथळणारा खंजीर घेऊन उभा आहे. दाराशी दोन भारतीय मरून पडलेत, तिसरा त्याच्या पायाशी अखेरचे श्वास मोजतोय. खंजिराच्या मुठीत एक पिवळा हिरा आहे. ही हकीकत लिहिणारा हर्नकॅसलचा चुलतभाऊ दारात पोचतो तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पुढे तो घरच्या मंडळींना पत्र लिहून कळवतो, की या माणसाशी मी संबंध तोडले आहेत. मात्र वरिष्ठांकडे तो फिर्याद करत नाही. वार होताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही, हे त्याचं कारण.

मराठी वाचकाने या कारणापाशी जरा थांबावं अशी माझी विनंती आहे. पुढे येणाऱ्या सगळ्या कादंबरीचा कणा इथेच तयार होतो. मनाला पटलेलं आणि डोळ्यांना दिसलेलं या दोन गोष्टींतलं अंतर कॉलिन्स पहिल्या चार पानांत आखून देतो आणि शेवटपर्यंत ते पुसू देत नाही.

हा हिरा पुढे इंग्लंडमध्ये पुन्हा चोरीला जातो. या प्रस्तावनेत त्या दुसऱ्या चोरीतला चोर कोण, ते मी सांगणार नाही. इंग्रजीत अभिजात म्हणून छापल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांच्या प्रस्तावना बऱ्याचदा सगळी गोष्ट उलगडून ठेवतात, कारण वाचकाला ती ठाऊक असणारच असं त्या धरून चालतात. मराठीत तसं धरून चालणं बरोबर नाही. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर वाचकांच्या पिढ्या पोसल्या. त्याआधी गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी वेश चढवला होता. शेरलॉक होम्स तर घरचाच झाला. कॉलिन्सच्या वाट्याला मात्र ही ओळख आली नाही. त्यामुळे हे पुस्तक हातात घेणाऱ्या बहुतेकांना चोर माहीत नसेल, आणि ते अज्ञान ही वाचकाची मौल्यवान मालमत्ता आहे.

माझ्याकडची प्रत जुनी आहे, फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेली. पेंग्विन इंग्लिश लायब्ररीची १९६६ ची आवृत्ती, नारिंगी पाठीची, जे. आय. एम. स्ट्यूअर्ट यांनी संपादित केलेली. ऑक्सफर्डचे हे प्राध्यापक ‘मायकेल इनेस’ या टोपणनावाने स्वतः डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहीत असत, त्यामुळे त्यांना या कामाची आतून जाण होती. प्रतीच्या पहिल्या कोऱ्या पानावर एका सर्क्युलेटिंग लायब्ररीचा फिकट जांभळा शिक्का आहे. शेवटच्या कव्हराच्या आत कुणा आधीच्या वाचकाने पेन्सिलीने संशयितांची यादी केली आहे. नावं देवनागरीत, एकाखाली एक. काहींपुढे पानाचा आकडा, काहींपुढे प्रश्नचिन्ह. मग एकेका नावावर आडवी रेघ. ‘तिघे ब्राह्मण’ हे सगळ्यात वर आहेत आणि त्यांच्यावरची रेघ सगळ्यात जोरात ओढलेली आहे, इतकी की कागदाला वळ उठलाय. आत समासात जागोजागी तुटक शब्द: ‘रंग!’, ‘झगा कुठे?’, ‘ही गप्प का?’. उत्तरार्धात पेन्सिल विरळ होत जाते आणि शेवटच्या शंभरेक पानांवर एकही खूण नाही. तिथे या माणसाला हातातलं पुस्तक खाली ठेवून पेन्सिल उचलायला सवड झाली नसावी.

जुन्या बाजारात मिळणाऱ्या रहस्यकथांत एक दुष्टपणा नेहमी आढळतो. कुणीतरी पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असतं. या वाचकाने ते केलेलं नाही. यादीत चोराचं नाव आहे की नाही, हेसुद्धा यादी पाहून कळत नाही. पुढच्या अनोळखी माणसाचा आनंद त्याने जपला, आणि तो संकेत मी इथे पाळतो आहे.

आता गोष्टीच्या तोंडापुरती ओळख. हर्नकॅसल हिरा घेऊन इंग्लंडला येतो, सगळ्या नात्यागोत्याचा तिरस्कार झेलत जगतो आणि मरताना तो हिरा आपल्या भाचीला, रेचल व्हेरिंडरला, तिच्या अठराव्या वाढदिवसाची भेट म्हणून ठेवून जातो. ही भेट प्रेमापोटी आहे की सूडापोटी, हा प्रश्न घरातल्या मोठ्यांना छळतो. २१ जून १८४८, बुधवार. यॉर्कशरच्या किनाऱ्याजवळच्या हवेलीत मेजवानी होते. रेचलचा मावसभाऊ फ्रँकलिन ब्लेक हिरा घेऊन आलेला आहे. बागेत तीन भारतीय गारुडी ढोलकं वाजवत येतात. ते खरे गारुडी नव्हेत, हिऱ्याच्या मागे पिढ्यान् पिढ्या पहाऱ्यावर असलेले ब्राह्मण आहेत. रात्री रेचल हिरा आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवते. सकाळी तो तिथे नसतो.

इथवरचं कुणालाही सुचलं असतं. कॉलिन्सची करामत दाराच्या रंगापासून सुरू होते, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे.

रेचल आणि फ्रँकलिन हे दोघे त्या दिवसांत हौसेने तिच्या बैठकीच्या खोलीचं दार रंगवत असतात. कुलपाखालच्या कोपऱ्यात ताज्या रंगाला काहीतरी घासून गेल्याचा डाग आहे. गावचा पोलीस अधिकारी सीग्रेव्ह म्हणतो, सकाळी अकराला मोलकरणींनी दारात गर्दी केली, कुणाचा तरी घागरा घासला असेल, क्षुल्लक गोष्ट आहे. मग लंडनहून स्कॉटलंड यार्डचा सार्जंट कफ येतो. बारीक, पिकल्या केसांचा, गुलाबांचा वेडा. त्याला जगात क्षुल्लक गोष्ट अजून भेटलेली नाही. तो फ्रँकलिनला विचारतो, हा रंग वाळायला किती वेळ लागतो? बारा तास. दाराचा हा भाग रंगवून कधी झाला? बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास. म्हणजे गुरुवारी पहाटे तीनला रंग वाळलेला होता. सीग्रेव्ह म्हणतो त्या वेळेच्या आठ तास आधी. मोलकरीण पेनेलोपी सांगते, मध्यरात्री मी बाईसाहेबांना झोपायला सोडून निघाले तेव्हा दार स्वच्छ होतं. तर मग बारा ते तीन या तीन तासांत कुणीतरी या दारातून गेलं, आणि त्या माणसाच्या अंगावरच्या कपड्याला रंग लागलेला आहे. तो कपडा शोधा.

या एका पानात पुढच्या दीडशे वर्षांच्या रहस्यकथेची बाराखडी आहे. वस्तू, वेळ, साक्षीदार, वजाबाकी. कफ कुणावर आवाज चढवत नाही, कुणाच्या चेहऱ्यावरून गुन्हा वाचत नाही. तो घरातून धोब्याकडे जाणाऱ्या कपड्यांची वही मागवतो. आणि तिथेच घरातलं माणूस अडतं. सगळ्यांनी आपापली कपाटं उघडून दाखवायची ठरतात. जिचा हिरा गेला ती रेचलच नकार देते. माझ्या प्रतीत ‘ही गप्प का?’ हा शेरा इथे आहे.

कपड्यांच्या वहीचा हा धागा कॉलिन्सने हवेतून काढलेला नाही. १८६० च्या जूनअखेर विल्टशरमधल्या रोड या खेड्यात, केंट कुटुंबाच्या घरातून चार वर्षांचाही पुरा नसलेला एक मुलगा रात्रीतून नाहीसा झाला आणि सकाळी बाहेरच्या शौचकुपात त्याचं प्रेत मिळालं. स्थानिक पोलिसांनी घोळ घातला. तेव्हा स्कॉटलंड यार्डहून इन्स्पेक्टर जोनाथन व्हिचर याला धाडण्यात आलं. मुलाची सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिचा एक रात्रीचा झगा धोब्याच्या वहीशी जुळत नव्हता. व्हिचरने त्यावर बोट ठेवून तिला अटक करवली. अख्खा देश त्याच्यावर उलटला. खालच्या वर्गातून वर आलेला एक पोलीस सभ्य घरातल्या मुलीच्या कपड्यांत नाक खुपसतो, याचा लोकांना खुनापेक्षा जास्त राग आला. मुलगी सुटली, व्हिचरची कारकीर्द बसली ती बसलीच. १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने स्वतः गुन्हा कबूल केला. व्हिचर बरोबर होता, पण तोवर ते कळून त्याचा फारसा उपयोग उरला नव्हता.

हे प्रकरण माहीत असलं की सार्जंट कफच्या प्रवेशाला वेगळी धार येते. यार्डातली गुप्तहेर शाखा १८४२ मध्ये मूठभर माणसांनिशी सुरू झालेली. पोलिसाने श्रीमंतांच्या शयनगृहात पाय ठेवावा का, हा त्या काळचा जिवंत वाद होता. कादंबरी आली त्या १८६८ च्या वाचकाला कफमध्ये व्हिचर दिसत होता. कॉलिन्सने त्या अपमानित माणसाला कादंबरीत मान दिला आणि त्याच वेळी त्याला अचूकही ठेवलं नाही. कफ कुठे चुकतो हे वाचताना कळेल. पुढे होम्स आणि प्वारो यांच्यामुळे आपल्याला सर्वज्ञ गुप्तहेराची सवय लागली. आपल्या निष्कर्षाची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागते हे जाणणारा कफ मला त्या दोघांहून अधिक जवळचा वाटतो.

टी. एस. एलियट याने १९२७ मध्ये लिहिलेल्या लेखात या कादंबरीला आधुनिक इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांत अव्वल जागा दिली, आणि तेव्हापासून ‘पहिली’ हे विशेषण तिला चिकटलं. त्यावर वाद घालता येतो. एडगर अ‍ॅलन पोच्या दुप्याँने १८४१ मध्येच पॅरिसमधल्या खुनाचा छडा लावला होता आणि फ्रान्समध्ये गॅबोरिओची कादंबरी १८६६ मध्ये आली होती. मला या क्रमवारीत फारसा रस नाही. गोष्ट कोण सांगतं, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं.

चोरीनंतर दोनेक वर्षांनी फ्रँकलिन ब्लेक आणि घरचे वकील ब्रफ ठरवतात, की या प्रकरणाची साद्यंत नोंद व्हावी. प्रत्येकाने लिहायचं, पण ज्याला जे स्वतः अनुभवाला आलं तेवढंच. पुढे काय कळलं ते आज ठाऊक असलं तरी लेखणीत येऊ द्यायचं नाही. कोर्टात ऐकीव पुरावा चालत नाही, तोच कायदा कॉलिन्सने गोष्टीला लावला. तो स्वतः वकिलीची सनद घेतलेला होता, वकिली मात्र त्याने केली नाही. ‘द वूमन इन व्हाइट’मध्ये ही रीत त्याने आधी वापरली होती, इथे ती पूर्ण पिकलेली आहे.

या नियमाचा परिणाम पाहा. पहिली आणि सगळ्यात मोठी जबानी घरच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याची, गॅब्रिएल बेटरेजची. नोकर माणूस मालकांच्या घराची गोष्ट सांगतो, आपल्या तऱ्हेने, मध्येच पाइप ओढत, मध्येच ‘रॉबिन्सन क्रूसो’ उघडून त्यात कौल बघत. आपल्याकडे ज्ञानेश्वरी किंवा गुरुचरित्र ज्या भक्तीने उघडतात त्या भक्तीने हा माणूस क्रूसो उघडतो. वापरून वापरून त्याने सहा प्रती झिजवल्यात. सातवी मालकिणीने दिली, निळ्या बांधणीची, चित्रासकट, साडेचार शिलिंगांची. पुस्तक झिजवणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला बेटरेज लगेच आवडेल. वाचकाने त्याची घाई करू नये. तो रेंगाळतो त्या जागी कॉलिन्सने हळूच काहीतरी ठेवलेलं असतं.

त्यानंतर मिस क्लॅक येते. धर्मपत्रकं वाटत फिरणारी, दुसऱ्यांच्या सोफ्यांवर आणि पडद्यांत ती खुपसून ठेवणारी गरीब नातेवाईक. तिला स्वतःविषयी जे दिसत नाही ते तिच्या वाक्यावाक्यातून आपल्याला दिसतं, आणि हसता हसता तिच्या एकटेपणाची कणवही येते. वकील ब्रफ थोडक्यात आटोपतो, आपणही आटोपू. एझ्रा जेनिंग्जवर मात्र रेंगाळायला हवं. डॉक्टरचा मदतनीस, मिश्र रक्ताचा, अर्धे केस काळे अर्धे पांढरे, पाठीमागे कसल्या तरी बदनामीचा ससेमिरा. गावात कुणी त्याच्याशी धड बोलत नाही. कोडं सुटण्याची वाट याच माणसाकडून जाते. आणि रोझॅना स्पिअरमन. एकेकाळी चोरीसाठी तुरुंगात गेलेली, एका खांद्याने अधू, सुंदर नसलेली मोलकरीण. मालकांच्या वर्गातल्या पुरुषावर जीव लावून बसलेली. तिला जबानी द्यायला कुणी बोलावत नाही. तिची बाजू एका पत्रातून येते, आणि ते पत्र वाचताना रहस्य, पुरावा, हिरा हे सगळं क्षणभर मागे पडतं. एका माणसाने दुसऱ्याकडे नुसतं पाहिलंही नाही, याचा तो हिशेब आहे. डिटेक्टिव्ह कादंबरीत माणसांना प्यादी म्हणून हलवतात, ही तक्रार ज्यांची असेल त्यांनी हे पत्र वाचावं.

हे सगळं कॉलिन्सने कोणत्या अवस्थेत लिहिलं, ते सांगायला हवं. डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या दोन पेनीच्या साप्ताहिकात ४ जानेवारी ते ८ ऑगस्ट १८६८ या काळात बत्तीस हप्त्यांत कादंबरी छापली गेली. हप्ते चालू असतानाच संधिवाताने कॉलिन्सला अंथरुणाला खिळवलं, डोळ्यांपर्यंत वेदना पोचल्या. मार्चमध्ये त्याची आई गेली. हप्ता चुकवणं शक्य नव्हतं. काही मजकूर त्याने पडल्या पडल्या सांगून लिहवून घेतला. वेदनेवर तो लॉडेनम, म्हणजे मद्यार्कात विरघळवलेली अफू, घेत होता, आणि मोठ्या प्रमाणात घेत होता. त्यात तेव्हा जगावेगळं काही नव्हतं. त्याच वर्षी फार्मसी कायदा येईपर्यंत इंग्लंडमध्ये अफू कुठल्याही दुकानदाराकडे मिळे. टिन्स्ली या प्रकाशकाने आपल्या आठवणींत लिहिलंय, की नव्या अंकाच्या दिवशी वेलिंग्टन स्ट्रीटवरच्या कचेरीसमोर लोकांची झुंबड उडे आणि हमालसुद्धा पाठीवर ओझं असताना वाचत उभे राहत. डिकन्सला सुरुवातीला कथानक फार आवडलं होतं. शेवटी शेवटी त्याने एका पत्रात या रचनेविषयी वैताग व्यक्त केला. वाचकांनी डिकन्सचं ऐकलं नाही, आणि माझ्या मते वाचकांचंच बरोबर होतं.

डिकन्सचं नाव आलंच आहे, तर १८५७ कडे वळू. त्या वर्षीच्या उठावाच्या बातम्या पोचल्यावर इंग्लंडमध्ये सूडाची लाट उसळली. डिकन्सने एका खाजगी पत्रात भारतीयांचा समूळ नायनाट करण्याची भाषा केली. त्याच वर्षीच्या नाताळ अंकासाठी त्याने कॉलिन्ससोबत एक कथा लिहिली, मध्य अमेरिकेत घडणारी पण कानपूरच्या आठवणीने पेटलेली. मधलं प्रकरण कॉलिन्सचं आहे, आणि डिकन्सच्या दोन प्रकरणांतला अंगार त्यात नाही. १८५८ च्या फेब्रुवारीत ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’मध्ये कॉलिन्सचा शिपायांना उपदेश या अर्थाच्या शीर्षकाचा लेख आला, त्यांना नीती शिकवायची तर त्यांच्याच पूर्वेकडच्या परंपरेतली शिकवण पुरेशी आहे, असा त्याचा सूर होता. त्यानंतर दहा वर्षांनी त्याने ही कादंबरी लिहिली, आणि पहिला गुन्हेगार म्हणून इंग्रज अधिकाऱ्याला उभं केलं. सैन्यात लुटारूंना फाशी देण्याची दवंडी पिटलेली असताना हर्नकॅसल लूट करतो. इंग्लंडमध्ये हिरा नाहीसा झाला की पहिला संशय तीन ब्राह्मणांवर जातो आणि पुरावा नसताना दंडाधिकारी त्यांना कोठडीत टाकतो. माझ्या प्रतीतल्या वाचकाने ते नाव इतक्या जोराने खोडलं, ते मला उमगतं.

कॉलिन्सला भारत पुस्तकांतून माहीत होता, आणि ते दिसतं. त्याचा सोमनाथ चार हातांचा चंद्रदेव आहे, कपाळावर हिरा असलेला. आपल्याला सोमनाथ म्हणजे ज्योतिर्लिंग. १०२६ च्या सुमारास महमूद गझनवीने फोडलेलं देऊळ आपण इतिहासात वाचतो. कादंबरीत मूर्ती त्यातून वाचते, काशीला जाते, मग औरंगजेबाच्या काळात हिरा लुटला जातो. हा सगळा कल्पनेचा प्रवास आहे. कादंबरीच्या काळात काठियावाडच्या त्या किनाऱ्यावर खरोखर काय होतं? जुन्या देवळाचे भग्नावशेष, आणि जवळच अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये बांधलेलं देऊळ, जिथे पूजा चालू होती. हे दुसरं कॉलिन्सच्या चित्रात नाही. त्याच्या वाचकांना सोमनाथ ठाऊक होता तो १८४२ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरोने केलेल्या गाजावाजामुळे: गझनीहून सोमनाथचे दरवाजे परत आणले अशी घोषणा त्याने केली, आणि ते दरवाजे सोमनाथचे नव्हतेच असं निघालं. आजही ते आग्र्याच्या किल्ल्यात पडून आहेत.

एक गोष्ट मात्र त्याने नेमकी पकडली. समुद्र ओलांडून, गारुड्यांचं सोंग घेऊन, त्या तिघांनी आपली जात गमावली आहे आणि त्यांना त्याची पूर्ण जाणीव आहे. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. राघोबादादांचे वकील हणमंतराव १७८१ मध्ये विलायतेला गेले होते. एडमंड बर्कने त्यांचा आचार सांभाळला जाईल अशी सोय आपल्या घरी करून दिली होती. परतल्यावर त्यांना शुद्धी करून घ्यावी लागली. राजकारणासाठी गेलेल्या माणसाची ही गत, तर या तिघांनी देवासाठी काय सोडलं याचं माप इंग्रज वाचकापेक्षा आपल्याला लवकर कळतं. त्यांच्यासोबतच्या मुलाच्या हातावर शाई ओतून त्यात दूरचं बघण्याचा प्रसंगही आपल्याला अनोळखी नाही. चोरीचा माग काढायला पायाळू मुलाला अंजन दाखवण्याची चाल आपल्या खेड्यापाड्यांत होतीच. कॉलिन्स त्यात चमत्कार मानत नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

कादंबरीतला शेवटचा कागद १८५० सालचा आहे, काठियावाडातून लिहिलेला. त्यात काय आहे ते सांगत नाही. त्या वर्षी बाहेर काय घडत होतं ते सांगतो. १८४९ मध्ये लाहोरच्या तहाने, दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून, कोहिनूर काढून घेण्यात आला. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो स्वतःच्या अंगावर बांधून मुंबईला आणला आणि तिथल्या खजिन्यात ठेवला. ६ एप्रिल १८५० ला ‘मेडिया’ ही युद्धनौका तो घेऊन मुंबईच्या बंदरातून निघाली. ३ जुलैला तो राणी व्हिक्टोरियाच्या हाती गेला, आणि पुढच्या वर्षी हाइड पार्कमधल्या प्रदर्शनात लोकांनी रांगा लावून पाहिला. कॉलिन्सने आपल्या छोट्या निवेदनात कोहिनूरचा उल्लेख मोकळेपणाने केला आहे. आपल्या गोष्टीतली साल त्याने सहज निवडली असेल, असं मला वाटत नाही. शेवटचा कागद वाचून झाला की या दोन प्रवासांच्या दिशा वाचकाने आपण होऊन ताडून पाहाव्यात.

आणि तरीही या कादंबरीत एक उणीव आहे, जी मला वाचताना दर वेळी बोचते. कारभारी बोलतो, गरीब नातेवाईक बोलते, वकील, पोलीस, बदनाम मदतनीस, मेलेली मोलकरीणसुद्धा पत्रातून बोलते. ज्या तिघांचा या हिऱ्यावर सगळ्यात जुना हक्क आहे त्यांची जबानी कुणी घेत नाही. त्यांची बाजू येते ती मर्थवेट या इंग्रज प्रवाशाच्या तोंडून. तो विद्वान आहे, त्यांची भाषा जाणतो, त्यांच्याविषयी आदर बाळगतो. पण ‘पाहिलं तेवढंच लिहा’ हा नियम लावला तर त्याला त्यांच्या मनातलं काय दिसलं? फार थोडं.

ही जबानी मराठीत कुणीतरी लिहावी, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी लागणारं साहित्य हाताशी आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे खलाशी इंग्रजी जहाजांवर लस्कर म्हणून लंडनच्या गोदीत उतरत होते. थंडीत, भाड्याच्या कोंदट खोल्यांत दिवस काढत होते. मालकांनी टाकून दिलेल्या आया तिथे परतीच्या जहाजाची वाट पाहत होत्या. तीन परकी हिंदू माणसं इंग्लंडात कुठे राहिली, काय खाल्लं, कुणाच्या आडोशाला निजली, एकमेकांशी काय बोलली, मुलाला त्यांनी कसं वागवलं, यातलं फारसं काही कॉलिन्सने लिहिलेलं नाही. बेटरेजच्या खिडकीतून ती बागेच्या वाटेवर दिसतात, ढोलकं घेऊन, नम्रपणे वाकलेली. बेटरेजने तेवढंच पाहिलं, आणि प्रामाणिकपणे तेवढंच लिहिलं.